गिटमध्ये मोठी फाईल अडकली? रिबेस, पॅच आणि एलएफएस सोप्या भाषेत

गिट वापरणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी पडणारा प्रश्न आजच्या लेखात घेतोय. रेपोमध्ये चुकून मोठी फाईल गेली, सर्व्हर पुश नाकारतोय, आता काय करायचं? उत्तरात रिबेस हा शब्द येतोच. आणि रिबेस नीट न समजता केला तर मूळ अडचण परवडली, असं म्हणायची वेळ येते. माझ्यावर आली होती, तिथूनच सुरुवात करतो.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष होतं. डाळिंबाच्या पानाचा फोटो काढला की रोग ओळखणारं ॲप आम्ही तिघं बनवत होतो. सोमवारी सकाळी एका शेतकरी गटासमोर डेमो होता. शुक्रवारी संध्याकाळी सातला मी माझी ९ कमिट्स पुश केली आणि सर्व्हरने नकार दिला, कारण त्यात २१२ एमबीची मॉडेल फाईल होती. मला वाटलं, फाईल तर मी सहाव्या कमिटमध्येच डिलीट केलीय, मग आता कुठून आली? इंटरनेटवर शोधून रिबेस केला, फाईल काढली, नऊ वाजता परत पुश केला. परत नकार. रिबेसनंतर फोर्स पुश करावा लागतो असं वाचलेलं होतं, म्हणून फोर्स पुश केला. गेला एकदाचा. आणि त्याच वेळी माझ्या सहकारीचं तीन दिवसांचं काम ब्रँचवरून पुसलं गेलं.

ते काम परत कसं मिळालं ते पुढे सांगतो. आधी हे असं का झालं ते समजून घेऊ, कारण गिट फाईल कशी साठवतं हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

(एक सूचना: कमांड इथे देवनागरीत, आपण बोलतो तशा लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीतच टाइप करायच्या.)

गिट फाईल कशी साठवतं?

लिनस टोरवाल्ड्सने २००५ च्या एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. लिनक्स कर्नलचं काम तोवर बिटकीपर या सिस्टीमवर चालायचं, तिचा फुकट वापर बंद झाला म्हणून नवं साधन हवं होतं. म्हणजे गिट मुळात कशासाठी बनलं? हजारो छोट्या टेक्स्ट फाईल्स आणि जगभरातून ईमेलने येणारे पॅच. व्हिडिओ, फोटोशॉपच्या फाईल्स, मशीन लर्निंगची मॉडेल्स त्या वेळी डोळ्यांसमोर नव्हतीच.

बऱ्याच जणांचा समज असतो की गिट फक्त बदल साठवतं. तसं नाहीये. प्रत्येक कमिट म्हणजे त्या क्षणीच्या संपूर्ण प्रोजेक्टचा फोटो. फाईलमधला मजकूर ब्लॉब नावाच्या ऑब्जेक्टमध्ये जातो, फोल्डरची रचना ट्री या ऑब्जेक्टमध्ये, आणि कमिट त्या ट्रीकडे बोट दाखवतं. शिवाय आपल्या आधीचं कमिट कोणतं, लेखक कोण, संदेश काय हेही कमिटमध्येच असतं. या सगळ्यावरून एक हॅश निघतो, ४० अक्षरांचा. तोच कमिटचा ओळख क्रमांक.

हॅशचा मुद्दा नीट लक्षात ठेवा. आधीच्या कमिटचा हॅश पुढच्या कमिटच्या आत असतो. त्यामुळे मधलं एक कमिट बदललं की त्याचा हॅश बदलतो, मग त्याच्या पुढच्याचा, मग त्याच्याही पुढच्याचा. साखळीच ती. मधली कडी बदलून बाकीची साखळी आहे तशी ठेवता येत नाही.

फाईल बदलली नसेल तर जुनाच ब्लॉब वापरला जातो. बदलली तर नवा पूर्ण ब्लॉब तयार होतो. नंतर गिट हे ऑब्जेक्ट्स एका पॅकफाईलमध्ये गोळा करतं आणि एकसारख्या ब्लॉबमधला फक्त फरक ठेवून जागा वाचवतं. याला डेल्टा म्हणतात. हजार ओळींच्या फाईलमध्ये दोन ओळी बदलल्या तर डेल्टा अगदी छोटा होतो. म्हणूनच कोडची दहा वर्षांची हिस्ट्रीसुद्धा आटोपशीर राहते.

मग मोठी फाईल जड का जाते?

जेपीजी, एमपी४, झिप या फाईल्स आधीच कॉम्प्रेस केलेल्या असतात. आत थोडासा बदल झाला तरी बाइट्सची सगळी मांडणी बदलते. मॉडेल परत ट्रेन केलं की त्यातले जवळपास सगळे आकडे बदलतात. अशा ठिकाणी डेल्टाचा काही उपयोग होत नाही. त्यात ५१२ एमबीपेक्षा मोठ्या फाईलसाठी तर गिट डेल्टा काढायचा प्रयत्नच करत नाही, ही त्याची मूळ सेटिंग आहे.

आता हिशोब करा. २०० एमबीचं मॉडेल १० वेळा बदललं, तर हिस्ट्रीत साधारण २ जीबी जमा होतात. आणि गिट क्लोन म्हणजे संपूर्ण हिस्ट्री. टीममध्ये नवीन आलेल्या मुलाला फक्त आजचं मॉडेल हवंय, पण जुनी नऊही त्याच्या लॅपटॉपवर येणार. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर १० एमबीपीएस वेग मिळाला तर २ जीबी उतरायला साधारण २७ मिनिटं लागतात, तीही मध्ये रेंज गेली नाही तर.

सबव्हर्जनसारख्या जुन्या सिस्टीममध्ये हा त्रास कमी जाणवायचा. तिथे हिस्ट्री सर्व्हरवर राहते, आपल्याकडे फक्त ताजी प्रत येते. गिटमध्ये प्रत्येकाकडे सगळं असतं. इंटरनेट नसताना काम करता येतं ते त्यामुळेच, आणि मोठी फाईल प्रत्येकाच्या गळ्यात पडते तीही त्यामुळेच.

म्हणून सर्व्हरवाले मर्यादा घालतात. गिटहबवर ५० एमबीच्या वरच्या फाईलला इशारा मिळतो आणि १०० एमबीच्या वरची फाईल असलेला पुश सरळ नाकारला जातो.

डिलीट केली तरी ती तिथेच का?

माझा पहिला गोंधळ इथेच होता. तिसऱ्या कमिटमध्ये फाईल आली, सहाव्यात गेली. पण कमिट म्हणजे फोटो. आजच्या फोटोत ती व्यक्ती नाही म्हणून जुन्या फोटोंतून ती पुसली जात नाही. तिसरं, चौथं आणि पाचवं कमिट अजूनही त्या २१२ एमबीच्या ब्लॉबकडे बोट दाखवत होतं. पुश करताना ही कमिट्सही जातात आणि त्यांच्यामागून तो ब्लॉबही जातो.

म्हणजे फाईल घालवायची तर तिसरं कमिटच नव्याने लिहायला हवं. तिसरं बदललं की चौथ्यापासून नवव्यापर्यंत सगळ्यांचे हॅश बदलणार. हे काम रिबेस करतो.

पॅच आणि रिबेस: नेमकं काय होतं?

दोन फोटोंमधला फरक म्हणजे पॅच. या फाईलमधली ही ओळ गेली, ही आली, एवढंच त्यात असतं. गिट साठवतं फोटो, पण कोणत्याही कमिटची त्याच्या आधीच्या कमिटशी तुलना करून पॅच काढून देऊ शकतं.

रिबेस म्हणजे आपल्या कमिट्सचे पॅच एकेक करून दुसऱ्या पायावर परत लावणं. समजा सोमवारी तुम्ही मेन ब्रँचवरून स्वतःची ब्रँच काढली आणि चार कमिट्स केली. तोवर मेन पुढे सरकली. 'गिट रिबेस मेन' म्हटलं की गिट तुमची चार कमिट्स बाजूला घेतं, मेनच्या टोकावर जातं आणि पहिल्याचा बदल तिथे लावतं, मग दुसऱ्याचा, असं चौथ्यापर्यंत. तयार होणारी चारही कमिट्स नवीन असतात. संदेश तेच, लेखक तोच, हॅश मात्र वेगळे. जुनी चार कमिट्स लगेच नष्ट होत नाहीत, फक्त ब्रँचचं नाव त्यांच्यावरून उठून नव्यांवर जातं. हे वाक्य लक्षात ठेवा, आमचं काम याच गोष्टीने वाचलं.

पहिली परिस्थिती: फाईल अजून पुश झालेली नाही

ही सोपी परिस्थिती आहे. पायऱ्या अशा:

१. मोठी फाईल रेपोच्या बाहेर कुठेतरी कॉपी करून ठेवा. 'नंतर बघू' म्हणू नका.

२. आत्ताच्या जागी एक राखीव ब्रँच काढा: 'गिट ब्रँच राखीव'. काही बिघडलं तर परत यायला जागा राहते. याला एक सेकंद लागतो.

३. 'गिट रिबेस --इंटरॲक्टिव्ह' सुरू करा आणि फाईल ज्या कमिटमध्ये आली त्याच्या आधीच्या कमिटचा हॅश द्या. एडिटरमध्ये कमिट्सची यादी उघडेल. पहिल्या ओळीतलं 'पिक' बदलून 'एडिट' करा, सेव्ह करून बंद करा.

४. गिट त्या कमिटवर थांबेल. तिथे 'गिट आरएम --कॅश्ड' आणि फाईलचं नाव द्या. यामुळे फाईल गिटमधून जाते, डिस्कवर राहते. लगेच गिटइग्नोर फाईलमध्ये तिची ओळ घाला आणि गिटइग्नोर ॲड करा.

५. 'गिट कमिट --अमेंड' करून कमिट नव्याने लिहा.

६. 'गिट रिबेस --कंटिन्यू'. बाकीची कमिट्स एकामागोमाग लागतील.

मध्ये दोन ठिकाणी अडायला होतं. मधल्या एखाद्या कमिटने तीच फाईल बदलली असेल तर गिट सांगेल की इकडे फाईल डिलीट झालीय आणि तिकडे बदललीय. तिथे 'गिट आरएम' करून पुढे जा. आणि माझ्यासारखं फक्त फाईल डिलीट करणारं कमिट पुढे असेल, तर आता त्यात करण्यासारखं काहीच उरत नाही. ते रिकामं होतं आणि गिट थांबतं. तिथे 'गिट रिबेस --स्किप'. कुठेही घाबरायला झालं तर 'गिट रिबेस --अबॉर्ट' म्हणा, सगळं होतं तसं परत येतं.

रिबेस झाल्यावर डॉट गिट फोल्डरचा आकार बघून दचकू नका, तो तेवढाच दिसेल. जुना ब्लॉब तुमच्या मशीनवर अजून आहे, पण पुशमध्ये तो जाणार नाही. सगळं नीट चाललंय याची खात्री झाली की राखीव ब्रँच डिलीट करा. त्यानंतर काही आठवड्यांनी गिटची साफसफाई तो ब्लॉब स्वतःच काढून टाकते.

दुसरी परिस्थिती: फाईल सर्व्हरवर पोचली आहे

पन्नाशेक कमिट्स आणि चार-पाच ब्रँचेस झाल्यावर हाताने रिबेस करत बसू नका. त्यासाठी गिट फिल्टर-रेपो हे पायथॉनमध्ये लिहिलेलं वेगळं साधन आहे. जुनी फिल्टर-ब्रँच कमांड वापरू नका असं गिटचं स्वतःचं डॉक्युमेंटेशनच सांगतं, आणि पर्याय म्हणून फिल्टर-रेपोचंच नाव देतं.

आधी रेपोचा ताजा क्लोन घ्या. त्यात 'गिट फिल्टर-रेपो --ॲनालाइज' चालवलं की कोणती फाईल किती जागा खातेय याचा रिपोर्ट डॉट गिट फोल्डरच्या आत तयार होतो. मग '--स्ट्रिप-ब्लॉब्स-बिगर-दॅन ५०एम' असं दिलं की ५० एमबीच्या वरचे सगळे ब्लॉब पूर्ण हिस्ट्रीतून जातात. ते साधन तुमचा ओरिजिन रिमोटही काढून टाकतं, म्हणजे चुकून पुश होऊ नये. तो तुम्हाला विचार करून परत जोडावा लागतो.

पण हे बटण दाबायच्या आधी टीमशी बोला. हिस्ट्री बदलली की सगळ्यांचे जुने क्लोन निकामी. कोणी एकाने जुन्या क्लोनमधून मर्ज करून पुश केला की काढलेली फाईल दिमाखात परत येते. म्हणून वेळ ठरवा, सगळ्यांना आपापलं काम आधी पुश करायला सांगा, मग साफसफाई करा आणि नंतर सगळ्यांना नवा क्लोन घ्यायला लावा.

आणि हिस्ट्रीत पासवर्ड किंवा ग्राहकांचे फोन नंबर गेले असतील, तर नुसती हिस्ट्री पुसून भागत नाही. कोणाकडे तरी जुना क्लोन असणारच. पासवर्ड आधी बदला, हिस्ट्री नंतर.

माझं नेमकं काय चुकलं?

आता शुक्रवारच्या रात्रीकडे वळू. सातला पुश नाकारला गेला तो मोठ्या फाईलमुळे. म्हणजे माझ्या ९ पैकी एकही कमिट सर्व्हरवर गेलं नव्हतं. मी रिबेस केला तो फक्त या ९ कमिट्सचा. सर्व्हरवरच्या कमिट्सना मी हातही लावला नव्हता. मग नऊ वाजताचा पुश फोर्सशिवाय जायला हवा होता!

तरी नकार आला, कारण मधल्या दोन तासांत सहकारीने त्याच ब्रँचवर तिची चार कमिट्स पुश केली होती. सर्व्हर मला हेच सांगत होता की इथे तुझ्याकडे नसलेलं काहीतरी आहे. संदेशात ते लिहिलेलंही होतं. मी वाचलं नाही. 'रिबेस केला की फोर्स' हे पाठ केलेलं वाक्य वापरलं आणि तिची चार कमिट्स ब्रँचवरून उडवली.

वर आणखी एक शहाणपणा केला. ग्रुपवर मेसेज टाकला की हिस्ट्री बदललीय, सगळ्यांनी ब्रँच फेच करून हार्ड रीसेट मारा. तिने शनिवारी सकाळी तसं केलं. तिच्या लॅपटॉपवरची ब्रँचही आता माझ्या कमिट्सवर आली. साडेदहाला तिचा फोन आला, "अरे, कॅमेऱ्याचा सगळा कोड कुठे गेला?" आवाज शांत होता. तेच जास्त लागलं.

रिफ्लॉगने काम कसं वाचवलं

वर म्हटलं तसं, ब्रँचचं नाव हललं तरी जुनी कमिट्स लगेच जात नाहीत. आपल्या मशीनवर हेड कुठून कुठे गेलं याची नोंद गिट ठेवतं, तिला रिफ्लॉग म्हणतात. एरवी या नोंदी ९० दिवस राहतात. ज्या कमिट्सपर्यंत ब्रँचवरून पोचता येत नाही त्यांच्या नोंदी ३० दिवस.

तिने 'गिट रिफ्लॉग' टाइप केलं. सगळ्यात वर हार्ड रीसेटची नोंद होती, त्याखाली तिचं शेवटचं कमिट. त्या हॅशवर 'गिट ब्रँच सुटका' केलं आणि चारही कमिट्स परत मिळाली. मग त्या ब्रँचवर जाऊन 'गिट रिबेस' करून ती माझ्या नव्या ब्रँचच्या टोकावर लावली. एक कॉन्फ्लिक्ट आला, तो आम्ही फोनवर बोलून सोडवला. बाराच्या आत सगळं जागेवर. सोमवारचा डेमो झाला.

इथे एक गोष्ट नक्की समजून घ्या. रिफ्लॉग फक्त आपल्या मशीनवर असतो, तो पुश होत नाही. आणि जे कधी कमिटच केलं नाही ते रिफ्लॉगमध्ये सापडत नाही. तिने दर संध्याकाळी कमिट करायची सवय ठेवली होती म्हणून वाचलो. हार्ड रीसेटने कमिट न केलेले बदल गेले असते तर मी काहीच करू शकलो नसतो.

फोर्स पुश करायचाच असेल तर

साधा '--फोर्स' वापरू नका. '--फोर्स-विथ-लीज' वापरा. यात गिट आधी तपासतं की सर्व्हरवरची ब्रँच तुम्ही शेवटची पाहिली होती तिथेच आहे का. मध्ये कोणी काही टाकलं असेल तर पुश नाकारला जातो. त्या रात्री मी हे वापरलं असतं तर हा लेख निम्माच झाला असता.

यातही एक पळवाट आहे. तुमचा एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल, तर गिटला वाटतं की सर्व्हरवरचं नवं काम तुम्ही पाहिलंय. त्यासाठी सोबत '--फोर्स-इफ-इनक्लूड्स' द्या. फेच झालेलं काम खरोखर तुमच्या ब्रँचमध्ये मिसळलंय का, तेही मग तपासलं जातं.

आणि मूळ नियम: दुसऱ्यांनी ज्यावर काम सुरू केलंय त्या कमिट्सचा रिबेस न विचारता करायचा नाही. मर्क्युरिअल ही गिटसोबतच, २००५ मध्येच आलेली दुसरी सिस्टीम. तिथे हा नियम सिस्टीमच पाळायला लावते. शेअर झालेली कमिट्स 'पब्लिक' ठरतात आणि त्यांचा रिबेस करायला ती नकार देते. गिटमध्ये असा पहारेकरी नाही, तो आपणच व्हायचं.

मोठ्या फाईल्स खरंच हव्या असतील तर: गिट एलएफएस

प्रत्येक मोठी फाईल चुकूनच येते असं नाही. गेममधले टेक्स्चर, डिझाईनच्या फाईल्स, मॉडेल्स कोडसोबतच हवी असतात. त्यासाठी गिटहबने २०१५ मध्ये गिट एलएफएस आणलं.

कल्पना सोपी आहे. लग्नाच्या हॉलवर मोठी बॅग क्लोकरूममध्ये देतो आणि खिशात फक्त टोकन ठेवतो, तसंच. खरी फाईल वेगळ्या स्टोअरमध्ये जाते आणि गिटमध्ये तीन ओळींची छोटी पॉइंटर फाईल राहते. पहिल्या ओळीत आवृत्ती, दुसऱ्या ओळीत खऱ्या फाईलचा एसएचए-२५६ हॅश, तिसऱ्या ओळीत आकार. हे सगळं १३० बाइट्सच्या आसपास. ॲड करताना क्लीन फिल्टर फाईलच्या जागी पॉइंटर ठेवतो, चेकआउट करताना स्मज फिल्टर पॉइंटरच्या जागी खरी फाईल आणतो. फायदा हा की क्लोन करताना सगळ्या जुन्या आवृत्त्या येत नाहीत, चेकआउट केलेल्या कमिटला लागणारीच येते.

सुरुवात अशी करा: 'गिट एलएफएस इन्स्टॉल', मग 'गिट एलएफएस ट्रॅक' आणि फाईलचा प्रकार. यामुळे गिटॲट्रिब्यूट्स फाईलमध्ये ओळ येते. ती फाईल आधी कमिट करा, मोठी फाईल नंतर ॲड करा.

नेहमी होणाऱ्या चुका:

• ट्रॅक नंतर केलं. जुन्या हिस्ट्रीतल्या फाईल्स आपोआप एलएफएसमध्ये जात नाहीत. त्यासाठी 'गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' आहे. तीही हिस्ट्री बदलते, म्हणजे वरचे सगळे नियम लागू.

• फाईल उघडत नाही, आकार फक्त शंभर-सव्वाशे बाइट्स दिसतो. म्हणजे तुमच्याकडे टोकनच आलंय, बॅग नाही. 'गिट एलएफएस पुल' करा.

• ईमेलने पॅच पाठवला. एलएफएसमधल्या फाईलचा पॅच काढला तर त्यात फक्त पॉइंटरचा फरक जातो. समोरच्याला एलएफएस सर्व्हरची परवानगी नसेल तर त्याला खरी फाईल मिळणार नाही.

• रिबेसमध्ये पॉइंटरचा कॉन्फ्लिक्ट आला. तिथे दोन्हीतल्या ओळी एकत्र करू नका. अर्धा हॅश इकडचा, अर्धा तिकडचा असं टोकन क्लोकरूममध्ये चालत नाही. दोनपैकी एक पूर्ण फाईल निवडा.

निवडताना एक उलटं गणित आहे. मर्जमध्ये 'अवर्स' म्हणजे आपली ब्रँच. रिबेसमध्ये 'अवर्स' म्हणजे ज्या पायावर पॅच लावतोय ती बाजू, उदाहरणार्थ मेन, आणि 'दीअर्स' म्हणजे आपलं स्वतःचं कमिट. कारण रिबेस करताना गिट मेनवर उभं असतं आणि आपली कमिट्स बाहेरून आल्यासारखी लावत असतं.

शिवाय एलएफएसमध्ये लॉकची सोय आहे. दोघांनी एकाच वेळी फोटोशॉपची फाईल बदलली तर ती मर्ज होऊ शकत नाही, एकाचं काम वाया जाणारच. 'गिट एलएफएस लॉक' करून आधी सांगून ठेवा. सर्व्हरवाल्याचा एलएफएस कोटाही पाहून घ्या, तो बहुतेक ठिकाणी वेगळा मोजतात.

क्लोनच जड होत असेल तर

रेपो दुसऱ्याचा आहे, हिस्ट्री बदलता येत नाही, तरी तीन उपाय आहेत.

'--डेप्थ १' दिलं की फक्त शेवटचं कमिट येतं. एकदा बिल्ड करून फेकायच्या मशीनसाठी हे उत्तम. रोजच्या कामासाठी नाही, कारण हिस्ट्रीच नसेल तर रिबेसला समान पूर्वज सापडत नाही.

'--फिल्टर=ब्लॉब:नन' दिलं की कमिट्स आणि फोल्डरची रचना सगळी येते, फाईलमधला मजकूर मात्र लागेल तेव्हा उतरतो. रोजच्या कामासाठी मी हेच सुचवेन.

'गिट स्पार्स-चेकआउट' वापरलं की हवे तेवढेच फोल्डर डिस्कवर येतात.

हे उपाय उगीच आलेले नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सुमारास विंडोजचा कोड गिटवर नेला. त्यात सुमारे ३५ लाख फाईल्स आणि ३०० जीबीचा रेपो होता. साध्या गिटला ते झेपेना, म्हणून त्यांनी लागेल तेव्हाच फाईल आणणारी वेगळी व्यवस्था लिहिली. लागेल तेवढंच आणायचं, हाच विचार आज वरच्या उपायांतून आपल्याला मिळतो.

शेवटी, भिंतीवर चिकटवायची यादी

१. रेपो सुरू करतानाच गिटइग्नोर आणि गिटॲट्रिब्यूट्स लिहा. डेटासेट, मॉडेल, बिल्ड, डेटाबेसचा डंप यांच्या ओळी पहिल्याच दिवशी घाला.

२. 'गिट ॲड' नंतर डोळे मिटून सगळं टाकू नका. 'गिट स्टेटस' बघा.

३. रिबेसच्या आधी राखीव ब्रँच काढा.

४. रिबेसनंतर 'गिट रेंज-डिफ' चालवा. जुन्या आणि नव्या पॅचमध्ये नकळत काय बदललं ते दिसतं.

५. तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा पुन्हा सोडवावा लागत असेल तर रीरीरी सुरू करा. एकदा सोडवलेलं उत्तर गिट लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी स्वतः लावतं.

६. पॅच छोटे ठेवा. एका कमिटमध्ये एकच गोष्ट. मोठी फाईल वेगळ्या कमिटमध्ये असेल तर ते एक कमिट काढणं दोन मिनिटांचं काम असतं.

७. पुश नाकारला गेला की नकाराचा संदेश पूर्ण वाचा. मगच पुढची कमांड टाइप करा.

सातवा मुद्दा सगळ्यात सोपा, आणि मी नेमका तोच विसरलो होतो. त्या सहकारीसोबत मी आजही काम करतो. मी टर्मिनलमध्ये 'फोर्स' लिहायला लागलो की ती खुर्ची वळवून स्क्रीनकडे बघते. बघू दे. तो हक्क तिने कमावलाय.